नील्स बोर आणि अंधारातील काठी

मुलांनो, आमच्या जळगाव जामोदकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, पूर्वी रात्री ओलितासाठी निघालेला शेतकरी, हाती कंदील नसला म्हणजे, काठीने वाट चाचपीत जाई. काठी घट्ट धरली की, टोकाला लागलेला दगड जणू हातालाच लागे. सैल धरली की, हाताला जाणवे ती केवळ काठी. मग चाचपणारा कोठे संपला आणि चाचपलेली वस्तू कोठे सुरू झाली? अंधारातील काठीचा असाच दाखला थोर शास्त्रज्ञ नील्स बोर ह्यांनी अणूचे कोडे उलगडताना दिला.

बोर ह्यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८८५ रोजी डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे झाला. अणूच्या रचनेवरील संशोधनासाठी १९२२ मध्ये त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु खरी कसोटी पुढेच होती.

इलेक्ट्रॉन एका प्रयोगात कणासारखा वागे, दुसऱ्यात लाटेसारखा. १९२७ मध्ये बोर ह्यांनी सांगितले की, ही दोन्ही चित्रे परस्परपूरक आहेत. उपकरण कोणते, हे ठरविल्यावाचून इलेक्ट्रॉन कसा आहे, हे विचारण्यात अर्थ नाही. उपकरणे मात्र आपल्या नित्याच्या जगातली. त्यांचे वर्णन नित्याच्याच भाषेत करावे लागते. ह्या दोन जगांमधील रेषा प्रयोगाच्या मांडणीप्रमाणे सरकते, पकडीप्रमाणे काठी आपली किंवा परकी होते तशी.

आइन्स्टाइन ह्यांना हे पटेना. कोणी पाहो वा न पाहो, सृष्टी आहे तशीच असली पाहिजे, असे ते मानीत. १९३० मध्ये ब्रुसेल्सच्या परिषदेत त्यांनी एक काल्पनिक पेटी पुढे केली. तीत प्रकाश, एक घड्याळ व एक झडप. झडप उघडून प्रकाशाचा एकच कण बाहेर सोडावा. तो केव्हा सुटला, हे घड्याळ सांगेल. आणि पेटी आधी व नंतर तोलली म्हणजे किती ऊर्जा गेली, तेही कळेल. बोर ह्यांच्या मते ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पूर्ण अचूक कळणे अशक्य होते. ते फार अस्वस्थ झाले. रात्र विचारात गेली. सकाळी उत्तर सापडले, आणि तेही आइन्स्टाइन ह्यांच्याच सापेक्षता सिद्धांतात! तोलताना पेटी किंचित वर-खाली होणारच, आणि गुरुत्वाकर्षणात उंची बदलली की घड्याळाची गतीही बदलते. तोलणे हेही एक चाचपणेच! (ही हकीकत मी वर्गात कितीदा सांगितली असेल, पण प्रत्येक वेळी मला ती नवीच वाटे.)

आइन्स्टाइन ह्यांचे समाधान मात्र झाले नाही. वाद राहिला, तसा परस्परांविषयीचा आदरही राहिला. १९५५ मध्ये आइन्स्टाइन निवर्तले, तरी बोर त्यांच्याशी मनातल्या मनात वाद घालीतच होते. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी बोर ह्यांचे निधन झाले. आदल्या सायंकाळी त्यांनी आपल्या अभ्यासिकेतील फळ्यावर एक आकृती काढली होती. ती आइन्स्टाइन ह्यांच्या पेटीची होती.