अंगणातली शाळा

ताराबाई मोडक बौद्ध नव्हत्या. मुंबईच्या प्रार्थनासमाजी घरात १८९२ साली जन्मलेल्या, १९१४ च्या पदवीधर. तरीही त्यांचे चरित्र तुम्ही घरात मोठ्याने वाचावे.

भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम करून, पन्नाशी उलटल्यावर, १९४५ साली त्या डहाणू तालुक्यातील बोर्डीस आल्या. त्याच वर्षी तलासरी भागात झरी येथे वारली बांधव वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले होते. बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली मुले येईनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच! अंगणात शाळा भरली म्हणजे काय होते पाहा. चुलीपुढची आई, ओट्यावरचा आजा, सर्वांच्याच कानी गाणी, गोष्टी, अक्षरे पडतात. शाळेचे भय जाते.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. थोरली मुलगी धाकट्याला सांभाळायची म्हणून शाळेला मुके. त्यावर पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी ठेवली. गुरे राखणाऱ्यांसाठी अनुताई वाघांच्या साथीने कुरणशाळा काढली. १९७३ साली ताराबाई वारल्या.

आता आपले पाहा. बाबासाहेबांच्या फोटोखाली पोराला एकटे बसवून आपण ओट्यावर गप्पा मारतो. त्याच्याजवळ बसा. त्रिसरण, पंचशील तुम्हांला तोंडपाठ आहे. ते त्याला लिहायला सांगा, आणि त्याच वहीत तुम्हीही गिरवा. अक्षर वाकडे आले तर ते हसेल. हसू द्या.