एव्हरार्ड कॅलथ्रॉप

एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप (३ मार्च १८५७ – ३० मार्च १९२७) हे ब्रिटिश रेल्वे अभियंते व संशोधक होते. बार्शी लाइट रेल्वेचे जनक म्हणून महाराष्ट्रात ते ओळखले जातात.

कॅलथ्रॉप यांचा जन्म इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात झाला. रॉबर्ट स्टीफन्सन कंपनीत व नंतर क्रू येथील रेल्वे कारखान्यात उमेदवारी करून १८८२ मध्ये ते ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत इंजिन-निरीक्षक म्हणून भारतात आले.

बार्शी ही कापसाची मोठी पेठ असली, तरी मुख्य लोहमार्ग तेथून सुमारे ३४ किलोमीटर दूर होता. कॅलथ्रॉप यांनी तेथे ७६२ मिलिमीटर रुंदीचा मार्ग सुचविला. अरुंद मार्ग म्हणजे किरकोळ वाहतूक, हा समज त्यांना मान्य नव्हता. इंजिन असो वा मालडबा, प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही, हे त्यांचे सूत्र होते. त्यामुळे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येई. त्यांनी १८८९ मध्ये नोकरी सोडली. १८९६ मध्ये लीड्सजवळ या सामग्रीचे प्रात्यक्षिक झाले आणि १८९७ मध्ये बार्शीची गाडी सुरू झाली. पुढे हा मार्ग पंढरपूर (१९०६) व लातूरपर्यंत (१९११) गेला.

बार्शीचा अनुभव त्यांनी इंग्लंडमधील लीक व मॅनिफोल्ड रेल्वेसाठी (१९०४) वापरला. तेथील डब्यांच्या टोकांना भारतीय धाटणीचे उघडे सज्जे होते. डब्यांना आरंभी फिकट पिवळा रंग दिलेला होता. कोळशाच्या धुरात चालणाऱ्या गाडीसाठी ही निवड धाडसाचीच म्हणावी लागेल. किटसन कंपनीने बांधलेल्या दोन इंजिनांपैकी पहिल्याला कॅलथ्रॉप यांचेच नाव होते. १९२३ मध्ये हा मार्ग लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वेकडे गेला आणि अखेरच्या काळात ही इंजिने साध्या काळ्या रंगात धावली. कृष्णधवल छायाचित्रांतून मूळच्या छटा उमगत नाहीत. १९३४ मध्ये मार्ग बंद पडला व पुढे इंजिने मोडीत निघाली.

मित्र चार्ल्स रोल्स यांचा १९१० मध्ये विमान अपघातात मृत्यू झाला. त्यानंतर कॅलथ्रॉप हवाई छत्रीच्या संशोधनाकडे वळले. त्यांची 'गार्डियन एंजल' छत्री पहिल्या महायुद्धात शत्रूप्रदेशात हेर उतरविण्यासाठी वापरली गेली. विमानांतून लढणाऱ्या ब्रिटिश वैमानिकांना मात्र ती मिळाली नाही. या संशोधनात त्यांचा बराच पैसा खर्ची पडला. ते अरबी घोड्यांची पैदासही करीत व घोड्यांविषयीचे त्यांचे पुस्तक १९२० मध्ये प्रसिद्ध झाले.

कॅलथ्रॉप यांचे निधन लंडन येथे झाले. बार्शी लाइट रेल्वे १९५४ मध्ये सरकारच्या मालकीची झाली आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी तिचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर करण्यात आले.