मोडलेले मन आणि मुक्ती : पंडिता रमाबाईंची जीवनयात्रा



आपल्या पत्रकात आपण बहुतेक वेळा संतांची चरित्रे वाचतो. या रविवारी आम्ही अशा एका मराठी बाईंची ओळख करून देत आहोत, ज्यांना आपल्या ख्रिस्तसभेने संत घोषित केलेले नाही, आणि ज्या कॅथलिकही नव्हत्या. पंडिता रमाबाई हे नाव आपण सर्वांनी शाळेच्या पुस्तकात वाचले आहे. विधवांसाठी शाळा काढणाऱ्या, संस्कृत जाणणाऱ्या विदुषी, एवढ्यावर धडा संपतो. त्यांचे मन किती वेळा मोडले आणि कोणाच्या हातून ते सांधले गेले, हे धड्यात येत नाही. ते सांगावेसे वाटण्याचे कारण असे की मोडलेल्या मनाची माणसे आपल्या हुडकेश्वरच्या वस्तीतही आहेत. मिस्सेला शेवटच्या बाकावर बसून, कोणाशी न बोलता निघून जाणारे कोणी ना कोणी आपण पाहतोच.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले, हा त्या काळी अपराधच होता. लोकांचा विरोध इतका झाला की ते कुटुंब रानात जाऊन राहिले. पुढे रानही सुटले आणि तीर्थयात्रा सुरू झाली. देवळात पुराण सांगायचे, मिळेल त्यावर जगायचे आणि पुढचे गाव धरायचे. आईने रमाबाईंना वाटेतच शिकवले, आणि हजारो श्लोक त्यांना पाठ झाले.

मग दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. जवळचे होते नव्हते ते दानधर्मात आणि देवस्थानांत संपले होते. भीक मागायची नाही आणि हलके काम करायचे नाही, असा घराण्याचा बाणा. शेवटी हे कुटुंब मरण्यासाठीच रानात शिरले. अकरा दिवस पाणी आणि झाडपाल्यावर काढले. वडील आता वृद्ध आणि अंध झाले होते. पवित्र तळ्यात देह सोडायचा असे त्यांनी ठरवले, एकेका मुलाचा निरोप घेतला, धाकट्या रमेला पोटाशी धरून सन्मानाने जगण्याचा आणि देवाची सेवा करण्याचा उपदेश केला. त्या क्षणी भाऊ श्रीनिवास पुढे आला. मिळेल ते काम करीन, पण असे मरू द्यायचे नाही, असे त्याने सांगितले, आणि सगळे रानातून परत फिरले. वडील त्यानंतर फार दिवस जगले नाहीत. थोड्याच काळात आईही गेली. तिच्या तिरडीला खांदा द्यायला चार माणसे मिळेनात, म्हणून चौथी बाजू रमाबाईंनी धरली. उंची कमी असल्यामुळे त्यांनी ती डोक्यावर घेतली आणि तीन मैल चालल्या. मोठी बहीणही नंतर गेली.

उरलेली दोघे भावंडे हजारो मैल पायी हिंडली. पंजाबात थंडीच्या रात्री अंगावर पांघरूण नव्हते, तेव्हा नदीकाठी वाळूत खड्डा करून, अंगावर वाळू ओढून ती झोपत. देवदर्शन, व्रते, उपवास सर्व करून झाले होते. काहीच हाती न आल्यामुळे दोघांचीही श्रद्धा कोरडी पडत गेली.

1878 साली ती कलकत्त्याला पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. देशभर कौतुक झाले. आणि 1880 मध्ये श्रीनिवासही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा. सिल्चरच्या त्या घरात त्यांना पुस्तकांमध्ये लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली आणि त्या ती वाचू लागल्या. नवऱ्याला ते आवडले नाही. मुलगी मनोरमा एक वर्षाचीही झाली नव्हती, तोच 4 फेब्रुवारी 1882 रोजी पटकीने मेधावी गेले. वयाच्या तेविसाव्या वर्षी आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा यांतले कोणीही उरले नव्हते.

पुण्याला येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली आणि 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील सेंट मेरीच्या अँग्लिकन धर्मभगिनींनी त्यांना आसरा दिला. सोबत आनंदीबाई भगत नावाची एक मैत्रीण होती (डॉक्टर आनंदीबाई जोशी त्या वेगळ्या). परका देश, परकी भाषा, आणि आपल्याला बळजबरीने बाटवतील ही भीती. या भीतीने त्या बाईच्या मनाचा तोल गेला आणि तिने स्वतःचे जीवन संपवले. ही गोष्ट चरित्रकार भराभर ओलांडून जातात. आम्हाला येथे थांबावेसे वाटते. रमाबाईंच्या मनावर त्याचा असा आघात झाला की त्या ऑक्सफर्डला मॅक्समुल्लर यांच्या घरी राहिल्या, तेव्हा रात्री एकटे राहणे त्यांना शक्य नव्हते. एक मोलकरीण रोज त्यांच्या खोलीत झोपत असे. सबंध हिंदुस्थान पायी तुडवलेली ही बाई रात्रीच्या अंधाराला भीत होती. याला आज डॉक्टर काय नाव देतील हे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण ज्याने हे भोगले आहे, त्याला नावाची गरजही नाही.

आपल्यात अजूनही असे कुजबुजले जाते की ज्याचा विश्वास कमी त्यालाच असे होते. ते खरे नाही. नागपूरच्या आपल्या कॅथेड्रलचे आश्रयदाते संत फ्रान्सिस डी सेल्स यांनाही हे भोगावे लागले. पॅरिसमध्ये विद्यार्थी असताना, 1586 च्या सुमारास, आपण कायमचे नरकात जाणार या विचाराने त्यांना असे ग्रासले की सहा आठवडे धड जेवण नाही, झोप नाही. पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे गुडघे टेकले असता ते ओझे उतरले. पुढे हेच फ्रान्सिस जगाला सौम्यतेचे संत म्हणून माहीत झाले. आणि आनंदीबाईंसारख्या अभागी जिवांबद्दल ख्रिस्तसभेचे आजचे धर्मशिक्षण स्पष्ट आहे. मनाच्या गंभीर आजारामुळे माणसाची जबाबदारी कमी होते, अशांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. ज्या घरातून असे कोणी गेले आहे, त्या घरावर बोट दाखवणे आपले काम नाही. ज्यांना आज असा काळोख वाटतो, त्यांनी फादरांशी बोलावे आणि डॉक्टरांकडेही जावे. मधुमेहाची गोळी घेताना आपला विश्वास कमी होत नाही, तसेच हेही आहे. 14416 या टेली-मानसच्या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येते.

आता पुन्हा रमाबाईंकडे. लंडनमध्ये धर्मभगिनी त्यांना घेऊन एका आश्रमात गेल्या. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची तेथे प्रेमाने सेवा चाललेली होती. असे रमाबाईंनी कोठे पाहिले नव्हते. हे का करता, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची आणि प्रभू येशूची भेट वाचून दाखवली. ग्रंथांचे ग्रंथ मुखोद्गत असलेल्या त्या विदुषीला या साध्या प्रसंगाने जिंकले. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी छोट्या मनोरमेसह स्नानसंस्कार घेतला.

येथे गोष्ट सुखान्त व्हायला हवी होती, नाही का? झाली नाही. पुढची आठ वर्षे त्यांच्या मनाला शांती नव्हती. ऐकू कमी येऊ लागल्यामुळे डॉक्टर होण्याची आशा मावळली. धर्मतत्त्वांवरून वाँटेजच्या भगिनींशी त्यांचे खटके उडत, आणि ते पत्रांतून वर्षानुवर्षे चालले. बुद्धीला पटले होते, हृदय मात्र रिकामे होते. 1886 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, भाषणे दिली, पुस्तक लिहिले, मदत मिळवली आणि परत येऊन 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. बाहेरून पाहणाऱ्याला हे यशच दिसले असते. दिवसभर राबणारा माणूस आतून पोकळ असू शकतो, हे आपल्याला आपल्याच घरातल्या माणसांबद्दलही लवकर उमगत नाही.

1891 च्या सुमारास हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. धर्मगुरू असूनही आपल्याला ख्रिस्त भेटला नव्हता, अशी त्याची कबुली होती. रमाबाईंना आपलेच चित्र दिसले. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण खुद्द ख्रिस्त मिळाला नाही, हे त्यांच्या लक्षात आले. लहानपणापासून त्या पुण्य मिळवण्यासाठी चालत आल्या होत्या, आणि स्नानसंस्कारानंतरही त्यांची ती चाल थांबलेली नव्हती. प्रभूची क्षमा ही मिळवायची नसते, घ्यायची असते, हे उमगल्यावर त्या जशा होत्या तशा त्याच्यापुढे गेल्या. मोठा आनंद आणि शांती त्यांनी अनुभवली. हे एका झटक्यात झाले असे कोणी म्हणेल, पण त्यामागची आठ वर्षे विसरू नयेत. आम्हाला तर त्या आठ वर्षांचाच अधिक दिलासा वाटतो.

शांती मिळाली म्हणून संकटे थांबली नाहीत. सदनातील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला येऊन बसतात, यावरून 1893 मध्ये पुण्यात वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई या वेळी मोडल्या नाहीत.

आणि 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. त्या प्रांताची राजधानी आपले नागपूर. बातम्या वाचून रमाबाईंना आपले रानातले अकरा दिवस आठवले. त्या स्वतः निघाल्या, दुष्काळी छावण्या पाहिल्या, आणि उपाशी, अनाथ मुली व तरुण विधवा शेकड्यांनी घेऊन गेल्या. पुण्याजवळ केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. ज्या आठवणीने पूर्वी त्यांना पोखरले, तीच आता इतरांना वाचवायला उपयोगी पडली. तेथे आंधळ्या मुलींसाठी वेगळी सोय होती. शेती, विणकाम, छपाई अशी कामे मुलींना शिकवली जात. नागपूरहून पुण्याला जाणारी गाडी दौंड सोडल्यावर केडगावावरून जाते. पुढच्या खेपेला खिडकीतून पाहावे. ते काम तेथे आजही चालू आहे.

रमाबाईंचा मार्ग आपल्या ख्रिस्तसभेबाहेरचा होता, हे आम्ही सुरुवातीलाच सांगितले. पण त्यांचा स्नानसंस्कार आणि आपला स्नानसंस्कार एकाच त्रैक्याच्या नावाने झालेला आहे.

अखेरच्या वर्षांत एक मोठे काम त्यांनी हाती धरले होते. खेड्यातल्या बायकांना समजेल अशा सोप्या मराठीत मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचे भाषांतर. त्यासाठी त्या या दोन्ही भाषा उतारवयात शिकल्या. काम संपत आले असताना, 24 जुलै 1921 रोजी, मनोरमा गेली. ती चाळीस वर्षांची होती. मुक्तीचा भार तीच पुढे उचलणार, असे सर्व धरून चालले होते. आईने आपल्या माणसांतले शेवटचे माणूस गमावले. रमाबाई पुन्हा मेजाशी बसल्या आणि मुद्रिते तपासत राहिल्या. 5 एप्रिल 1922 रोजी, ते काम पुरे झाल्यावर, त्यांनी झोपेतच देह ठेवला. संपूर्ण बायबल 1924 मध्ये केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळवले आणि पाने बांधली ती मुक्तीतल्याच मुलींनी.