घर कोणाच्या जमिनीवर? : गोदावरी परुळेकर आणि डहाणू-तलासरीचे वारली

प्रलयोत्तर कथासाहित्य वाचताना 'घर' या संकल्पनेपाशी आपल्याला थांबावेच लागते. नगरे उद्ध्वस्त झालेली असतात, शासन उरलेले नसते आणि वाचलेली माणसे निवाऱ्याच्या शोधात चालत असतात. ऑक्टेव्हिया बटलर या अमेरिकन लेखिकेच्या १९९३ सालच्या 'पॅरेबल ऑफ द सोअर' या कादंबरीतील नायिकेची तटबंदीच्या आतली वस्ती जळून जाते. ती उत्तरेकडे निघते आणि वाटेत भेटलेल्या परक्या माणसांना घेऊन नवी वस्ती वसवते. अशा कादंबऱ्यांतील प्रलय बहुधा भविष्यकाळात घडतो. काही समाजांवर मात्र तो कधीच कोसळून गेलेला असतो, आणि त्याची नोंद कादंबरीत नव्हे, सावकाराच्या वहीत झालेली असते. डहाणू आणि तलासरी येथील वारल्यांचा इतिहास असाच आहे. तो समजून घेण्यासाठी आपण गोदावरी परुळेकर यांच्या चरित्राकडे वळू.

गोदावरी गोखले यांचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ रोजी पुण्यात झाला. वडील वकील, घर सुशिक्षित आणि नेमस्त विचारांचे. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून पुढे त्यांनी कायद्याची पदवी घेतली. ती घेणाऱ्या महाराष्ट्रातील अगदी आरंभीच्या स्त्रियांत त्यांची गणना होते. १९३२ साली सत्याग्रहात भाग घेतल्याबद्दल त्यांना तुरुंगवास झाला. वडिलांना हे मानवले नाही आणि गोदावरीबाई पुणे सोडून मुंबईस आल्या. पुढील आयुष्य समजून घेताना हा प्रसंग तुम्ही ध्यानात ठेवावा: दुसऱ्यांच्या घरासाठी आयुष्य वेचणाऱ्या या बाईंनी स्वतःचे माहेर आधीच मागे टाकले होते. मुंबईत भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या स्त्री आजीव सदस्य झाल्या, साक्षरतेच्या मोहिमेत राबल्या, घरकामगार स्त्रियांची संघटना त्यांनी बांधली. १९३९ साली शामराव परुळेकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला व दोघांनीही कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला. लगेचच युद्धविरोधी प्रचाराबद्दल दोघे तुरुंगात गेले. म्हणजे या दांपत्याचा संसारही चार भिंतींत असा फारसा झालाच नाही.

आता वारल्यांच्या घराकडे पाहू. कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपलेली भिंत, वर गवताचे छप्पर. लग्नप्रसंगी याच भिंतीवर गेरूच्या पृष्ठभागावर तांदळाच्या पिठाने सुवासिनी चौक लिहितात आणि त्यात पालघट देवीची स्थापना होते. आज वारली चित्रकला म्हणून जगभर जी ओळखली जाते, तिचे मूळ या चौकात आहे. परंतु लग्नासाठी पैसा लागे. तो जमीनदाराकडून कर्जाऊ घ्यावा लागे आणि कर्ज घेणारा तरुण 'लग्नगडी' होई. घेतलेली रक्कम थोडी, फेड मात्र जन्मभराची. नवऱ्याबरोबर बायकोही राबे. ज्या चौकाने घर उभे राहावे, त्याच लग्नाने ते गहाण पडे. जमीन तर पूर्वीच गेलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ती सावकार-जमीनदारांच्या हाती जात राहिली आणि झोपडीखालची जागासुद्धा मालकाची झाली. मालकाच्या खासगी शेतावर विनामूल्य वेठ करायची, नाही केली तर झोपडी सोडायची. माझ्या मते गुलामीचा खरा आधार मारहाण नव्हता. घराखालची ही परकी जमीन हाच तो आधार होता. मारहाण होतीच, आणि ती क्रूर होती.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली. तत्कालीन उंबरगाव तालुक्यातून माह्या धांगडा आणि त्यांचे काही वारली सोबती तेथे आले होते. त्यानंतर गोदावरीबाई त्या भागात गेल्या, पायी हिंडल्या, वारल्यांच्या झोपड्यांत राहिल्या. २३ मे १९४५ रोजी झरी येथे सुमारे ५,००० वारली जमले आणि वेठ न करण्याचा निर्णय झाला. पुढील काही आठवड्यांत वारल्यांचे जथे लाल झेंडा घेऊन गावोगाव गेले व लग्नगड्यांना सोडवून आणू लागले. ज्यांनी उभा जन्म दुसऱ्याच्या दारात काढला होता, ती माणसे आपल्या झोपडीत परतली. झोपडी तीच होती, पण मालकाने हाक मारताच धावत बाहेर पडण्याची सक्ती आता नव्हती.

मग गवतकापणीच्या मजुरीचा लढा आला. ५०० पौंड गवतामागे अडीच रुपये ही मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे, खोट्या निरोपावरून जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. तरीही लढा मोडला नाही. वारली त्यांना गोदाराणी म्हणत. राणीला महाल असतो. या राणीला मुक्कामापुरती कोणाची तरी ओसरी असे. पुढे त्यांना जिल्ह्याबाहेर काढण्यात आले, म्हणजे ज्यांना घर मिळावे म्हणून त्या झटल्या त्यांच्या घरी जाण्यासही त्यांना बंदी झाली.

१९६० साली राज्ये वेगळी झाली. उंबरगाव गुजरातेत गेले व तलासरी महाराष्ट्रात राहिली. १९६५ साली शामराव कारावासातच वारले. १९७० मध्ये गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि १९७२ साली त्यास साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हे पुस्तक आत्मचरित्र म्हणून नेमले जाते, परंतु त्यात लेखिका स्वतःविषयी फार थोडे सांगते. तिची नजर सतत समोरच्या माणसावर असते. १९८६ साली त्या अखिल भारतीय किसान सभेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचे निधन झाले. तलासरीतील महाविद्यालयास आज गोदावरी शामराव परुळेकर यांचे नाव आहे.

हे पुस्तक अभ्यासताना झोपडी, ओसरी, अंगण यांचे उल्लेख जेथे येतात तेथे पेन्सिलीने खूण करा. प्रत्येक ठिकाणी त्या जागेत कोण कोणाच्या परवानगीने बसले आहे, हे समासात लिहा, आणि ही टिपणे संपर्कसत्रास सोबत आणा.