'सायलेंट नाइट' लिहिणारे फादर

नाताळच्या मिस्सात 'सायलेंट नाइट' म्हटले नाही तर आपल्याकडे अनेकांना नाताळ झाल्यासारखा वाटत नाही. पण हे गीत एका साध्या सहायक धर्मगुरूचे आहे, हे आम्ही विचारले तेव्हा गायनवृंदातही फारसे कोणाला ठाऊक नव्हते.

फादर योसेफ मोर यांचा जन्म ११ डिसेंबर १७९२ रोजी साल्झबर्ग शहरात झाला. आई आना विणकाम करून पोट भरत असे. वडील सैनिक, मुलाच्या जन्माआधीच ते पलटणीतून पळून गेले होते. आईवडिलांचे लग्न झालेले नव्हते. स्नानसंस्काराच्या वेळी धर्मपिता म्हणून नाव लागले ते शहराच्या जल्लादाचे! पुढे कॅथेड्रलमधील फादर हियर्नले यांनी या मुलाला हाताशी धरले, शिकवले. तरीही विवाहबाह्य जन्मामुळे गुरुदीक्षेसाठी खास परवानगी काढावी लागली. आईबापाच्या करणीचा भार लेकरावर टाकणारा तो नियम आम्हाला कधीच पटला नाही. १९८३ च्या धर्मसंहितेत तो उरलेला नाही.

१८१५ मध्ये दीक्षा झाली आणि १८१६ मध्ये मारियाफार या डोंगरी गावात त्यांनी ही कविता लिहिली. दोन वर्षे ती तशीच पडून होती. २४ डिसेंबर १८१८ रोजी ओबर्नडॉर्फ येथे त्यांनी ती ऑर्गन वाजवणारे शिक्षक फ्रान्झ ग्रुबर यांच्या हाती दिली. ग्रुबर यांनी त्याच दिवशी चाल बांधली आणि रात्री दोघांनी गिटारवर ती गायिली. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, ही कथा प्रवचनात रंगते खरी. पण ग्रुबर यांनी स्वतः १८५४ मध्ये लिहिलेल्या हकिकतीत ना उंदीर आहेत, ना बिघडलेला ऑर्गन.

ती हकिकत लिहावी लागली, कारण तोवर टिरोलच्या गायक कुटुंबांनी गीत न्यूयॉर्कपर्यंत नेले होते आणि कर्ते मात्र हरवले होते. बर्लिनच्या राजदरबारातील वादकांनी साल्झबर्गला विचारणा केली, की हे मिखाएल हायडन यांचे तर नव्हे? त्यानंतरही शंका राहिलीच. अखेर १९९५ मध्ये मोर यांच्या हस्ताक्षरातील प्रत सापडली. तीत कवितेचे साल १८१६ आहे आणि चालीपुढे ग्रुबर यांचे नाव. स्वतःच्या हस्ताक्षरात दुसऱ्याचे श्रेय लिहून ठेवणारे हे फादर आम्हाला फार आवडतात.

शेवटची अकरा वर्षे ते वाग्राइन गावी होते. तेथे त्यांनी मुलांसाठी शाळा उभी केली. ४ डिसेंबर १८४८ रोजी ते वारले, अगदी गरिबीत. त्यांचे एकही चित्र मागे राहिले नाही. म्हणून पुतळा घडवताना एका शिल्पकार धर्मगुरूने थडग्यातून त्यांची कवटी काढून घेतली. ती आज ओबर्नडॉर्फच्या स्मारक चॅपेलच्या भिंतीत आहे. देह वाग्राइनमध्येच राहिला.