विश्लेषण : स्टुडिओच्या पगारी जमान्यात दुर्गा खोटे ‘फ्रीलान्सर’ कशा ठरल्या?

पाली : ‘मुघल-ए-आझम’मध्ये (१९६०) नवरा आणि मुलगा यांच्या भांडणात अडकलेली जोधाबाई, ही दुर्गा खोटे यांची आज सर्वाधिक पाहिली जाणारी भूमिका. पण पन्नाशी ओलांडल्यावर केलेल्या या भूमिकेआधी जवळपास ३० वर्षांची कारकीर्द होती आणि तिची सुरुवात घरखर्चाच्या चिंतेतून झाली होती.

घरंदाज सून सिनेमात का आली?

१४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. माहेरचे लाड, वडील नामांकित सॉलिसिटर. शिक्षण कॅथेड्रल शाळेत आणि सेंट झेवियर्स कॉलेजात. सासरचे खोटेही श्रीमंत. पण सासरचा पैसा बुडाला आणि दुर्गाबाईंनी शिकवण्या घ्यायला सुरुवात केली. तेवढ्यावर भागेना. १९३१ मध्ये ‘फरेबी जाल’मधली छोटी भूमिका त्यांनी स्वीकारली. कंपनीने जाहिरातीत लाड आणि खोटे या दोन्ही घराण्यांची नावं वापरली. चित्रपट पडला आणि समाजाची बोलणी मात्र दुर्गाबाईंना खावी लागली. संगीत रंगभूमीवर बालगंधर्व अजून स्त्रीभूमिका करत होते, तो हा काळ.

दुसरं कोणी असतं तर तिथेच थांबलं असतं. पण व्ही. शांताराम यांनी त्यांना ‘अयोध्येचा राजा’साठी (१९३२) विचारलं. कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा हा पहिला बोलपट. तारामतीची गाणीही त्यांनी स्वतःच गायली. चित्रपट चालला आणि टीकेचा सूर बदलला.

पगारी नोकरी नको, मग काय?

त्या काळी नटनट्या स्टुडिओत मासिक पगारावर असत. एका कंपनीशी करार झाला की दुसरीकडे काम बंद. दुर्गाबाईंचा प्रवास पाहा : १९३२ मध्ये कोल्हापुरात प्रभात, १९३३ मध्ये कोलकात्यात न्यू थिएटर्सचा ‘राजराणी मीरा’, १९३४ मध्ये तिथल्याच ईस्ट इंडिया कंपनीचा ‘सीता’ आणि १९३६ मध्ये पुन्हा प्रभात, आता पुण्यात. ‘अमरज्योती’तली त्यांची सौदामिनी चक्क समुद्री लुटारू होती! आजच्या भाषेत हे फ्रीलान्सिंग. तरुणपणीच वैधव्य आलेल्या, दोन मुलांच्या आईसाठी ही जोखीम लहान नव्हती. पुढे त्या निर्मितीतही उतरल्या.

रंगभूमीवर काय केलं?

पडद्यावर नाव झाल्यावरही त्या नाटकाकडे वळल्या, हे विशेष. मुंबई मराठी साहित्य संघाच्या ‘भाऊबंदकी’त त्यांनी आनंदीबाई साकारली, समोर राघोबा म्हणून नानासाहेब फाटक. शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मध्ये, म्हणजे मराठी ‘मॅकबेथ’मध्ये, लेडी मॅकबेथच्या धर्तीची राणी त्यांच्याच वाट्याला आली. तारामती आणि सीता साकारणाऱ्या अभिनेत्रीने या दोन सत्तालोभी बायका रंगवल्या. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९६१ मध्ये दिल्लीच्या नाट्यसंमेलनाचं अध्यक्षपदही.

‘बिदाई’साठी (१९७४) फिल्मफेअर, १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार हे त्यानंतरचं. उत्तरायुष्यात त्या आपल्याच जिल्ह्यात, अलिबागला राहायला आल्या. १९८८ मध्ये दूरदर्शनवर ‘वागले की दुनिया’ सुरू झाली, ती त्यांच्याच ‘दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स’ची. तेव्हा त्या ८३ वर्षांच्या होत्या. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचं निधन झालं.