फादर ग्रेगोर मेंडेल आणि मठातले वाटाणे



विवाहाच्या तयारीसाठी येणाऱ्या तरुण-तरुणींच्या हातात हल्ली रक्ततपासणीचे कागद असतात. त्यावर ‘थॅलेसेमिया मायनर’ असे लिहिलेले दिसले की घरचे घाबरतात, लग्न मोडायची भाषा होते आणि बहुधा मुलीकडेच बोट दाखवले जाते. ज्या शास्त्रातून ही तपासणी आली, त्याचा पाया एका कॅथलिक धर्मगुरूने घातला. शाळेच्या पुस्तकात त्यांचे नाव आपण सर्वांनी वाचलेले आहे. आज त्यांची थोडी ओळख करून घेऊ.

योहान मेंडेल यांचा जन्म १८२२ साली तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यात, आजच्या चेक प्रजासत्ताकातील एका खेड्यात झाला. वडील शेतकरी होते. १८३८ साली लाकडाचा ओंडका अंगावर पडून ते जायबंदी झाले आणि मुलाच्या शिक्षणाचे पैसे आटले. तेव्हा धाकटी बहीण तेरेसिया हिने आपल्या हुंड्याचा वाटा भावाच्या शिक्षणासाठी दिला. पुढे मेंडेल यांनी तिच्या मुलांच्या शिक्षणाला हातभार लावून हे ऋण फेडले.

१८४३ साली ते ब्रनो शहरातील ऑगस्टिनियन मठात दाखल झाले आणि त्यांना ग्रेगोर हे नाव मिळाले. १८४७ साली गुरुदीक्षा झाली. पण आजाऱ्यांच्या भेटीला गेले की त्यांची वेदना पाहून हे स्वतःच आजारी पडत! मठाधिपती सिरिल नाप यांनी त्यांना रागावण्याऐवजी शाळेत शिकवायला पाठवले. असे वरिष्ठ सर्वांना लाभोत. शिक्षकाच्या सरकारी परीक्षेत फादर मेंडेल दोनदा अपयशी ठरले, त्यामुळे १८५४ ते १८६८ अशी चौदा वर्षे ते ब्रनोच्या शाळेत बदली शिक्षकच राहिले. विद्यार्थ्यांना मात्र ते अतिशय प्रिय होते.

१८५६ पासून त्यांनी मठाच्या बागेत वाटाणे लावले. आईबापांचे गुण मुलांत उतरतात हे शेतकऱ्याला कोणी सांगायला नको, पण ते कोणत्या हिशेबाने उतरतात हे कोणी मोजले नव्हते. त्यांनी गोल दाण्याच्या वाणाचा सुरकुतलेल्या दाण्याच्या वाणाशी संकर केला. पहिल्या पिढीत सारे दाणे गोल आले. दुसऱ्या पिढीत सुरकुतलेले पुन्हा उगवले: ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले, म्हणजे साधारण तिनास एक. म्हणजे सुरकुती नाहीशी झाली नव्हती, लपली होती. प्रत्येक रोपाला प्रत्येक गुणाचे दोन वाटे मिळतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. पुढच्या पिढीला त्यातला कोणताही एक जातो.

आता तो तपासणीचा कागद पुन्हा हातात घेऊ. मायनर म्हणजे एक वाटा सदोष आणि दुसरा चांगला. असा माणूस रोगी नसतो, वाहक असतो. मूल मेजर, म्हणजे खरे आजारी, होण्यासाठी आई आणि बाप दोघांकडून सदोष वाटा यावा लागतो. तेव्हा एकट्या सुनेला दोष देणे हिशेबातच बसत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणी मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुखरूप, असा याचा अर्थ नाही. पिशवीतून चिठ्ठी काढावी, ती परत आत टाकावी आणि पुन्हा काढावी, तसे हे आहे. शक्यता आणि अटळता यांत फरक आहे, हे आम्हांला सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकवले होते. वाटाण्यांमुळे ते अधिक लवकर कळते. दोघेही वाहक असतील तर डॉक्टरांशी नीट बोलून घ्यावे, कागद लपवू नये.

८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ रोजी फादर मेंडेल यांनी ब्रनोच्या निसर्गविज्ञान संस्थेत आपला निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो छापून आला आणि त्याच्या प्रती त्यांनी विद्वानांना पाठवल्या. त्याचे मर्म कोणाच्या ध्यानात आले नाही. वनस्पतींच्या अभ्यासात बीजगणित पाहण्याची कोणाला सवय नव्हती. म्युनिकचे प्राध्यापक नेगेली यांच्याशी पत्रव्यवहार झाला, त्यांचाही विश्वास बसला नाही.

आम्हांला या माणसाचे सर्वात मोठेपण दिसते ते पुढे. घेवड्याच्या फुलांचे रंग वाटाण्याइतके सरळ जुळत नाहीत, हे त्यांनी त्याच निबंधात लिहून ठेवले होते. मग हॉकवीड नावाच्या पिवळ्या रानफुलावर त्यांनी डोळे दुखेपर्यंत प्रयोग केले. ते फूल वाटाण्याच्या अगदी उलट वागले. १८६९ साली त्याच संस्थेपुढे त्यांनी तेही सांगितले. हाती लागलेला नियम कुठे लागू पडत नाही, हे ते स्वतःच सांगत होते. १९३६ साली संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी वाटाण्यांचे आकडे अपेक्षेपेक्षा जास्तच नेटके आहेत अशी शंका काढली. त्यावर विद्वानांत पुष्कळ वाद झाला. नियम मात्र पुन्हा पुन्हा पडताळून खरा ठरला आहे.

१८६८ साली ते मठाधिपती झाले. मठांवरील कराच्या १८७४ च्या कायद्यावरून त्यांचे सरकारशी भांडण जुंपले ते मरेपर्यंत. मधमाश्या आणि हवामानाच्या नोंदी हा विरंगुळा होता. ६ जानेवारी १८८४ रोजी त्यांचे निधन झाले.

१९०० साली दुसऱ्या शास्त्रज्ञांना हाच नियम सापडला आणि फादर मेंडेल यांचे नाव जगभर झाले. पण त्या नावाने काय काय खपवले गेले! वाटाण्याचा साधा हिशेब काहींनी माणसाच्या बुद्धीला, गरिबीला, चारित्र्याला जसाच्या तसा लावला. या गुणांत अनेक जनुकांचा आणि संगोपनाचाही हात असतो, हे त्यांनी लोकांना सांगितले नाही. अमेरिकेतील इंडियाना राज्याने १९०७ साली सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. जर्मनीने १९३३ साली केला आणि तिथे सुमारे ४ लाख माणसांवर ती लादली गेली. पोप अकरावे पायस यांनी १९३० च्या परिपत्रकात अशा सक्तीचा निषेध केला होता. आनुवंशिकतेचे नाव काढताच आजही काही लोक दचकतात, ते उगाच नव्हे.

हॉकवीडचे कोडे त्याच सुमारास, विसाव्या शतकाच्या आरंभी, डेन्मार्कच्या संशोधकांनी सोडवले. ही रानफुले बहुधा परागकणांवाचूनच बी धरतात. त्या बीत बापाचा वाटा नसतोच. फादर मेंडेल यांनी लिहून ठेवलेल्या नोंदी बरोबर होत्या.